राहिलं की तुमचं! सोलापूरची कार्डस्पर्धा आणि माझा न उतरलेला राग

सोलापूरला जायचं मी रागाच्या भरात ठरवलं. राग आला की लोक जेवण सोडतात, मी गाव सोडते. पुण्यातल्या पात्रता स्पर्धेत मी हरले होते, आणि समोरचा चांगला खेळला म्हणून नव्हे, तर माझ्याच एका कार्डाचा फायदा घ्यायला मी विसरले म्हणून. समोर बसलेले गृहस्थ ते स्वच्छ बघत होते. मी पाळी सोडली, त्यांनी आपलं कार्ड उचललं आणि मगच गालातल्या गालात हसत म्हणाले, "तुमचं एक कार्ड घ्यायचं होतं ना? गेलं आता." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हे संग्राह्य कार्डांचे खेळ ज्यांनी कधी खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येकाने आपला गठ्ठा घरून बांधून आणायचा असतो. त्यातल्या काही कार्डांवर लिहिलेलं असतं, 'अमुक घडलं की तमुक होतं'. म्हणजे 'हे कार्ड हल्ला करेल तेव्हा एक पान उचला' किंवा 'पाळी संपताना समोरच्याचे दोन जीव कमी करा'. आम्ही याला ट्रिगर म्हणतो, आणि सगळे जीव संपले की माणूस हरला. गोम अशी की ते आपोआप होत नाही. ज्याचं कार्ड, त्याने लक्षात ठेवून बोलायचं. विसरलात आणि खेळ पुढे गेला, तर गेलं. समोरच्याला दिसत असलं तरी तुम्हाला सांगायचं बंधन त्याच्यावर नाही, आणि पंचानेही तोंड उघडायचं नाही.

बंगळूरच्या अंतिम स्पर्धेत एकदा बसायचं, एवढं एकच मला हवं आहे. ऑफिसात याला 'अनूचे पत्ते' म्हणतात, सासरी 'तिचं ते काहीतरी' म्हणतात, आणि गेली काही वर्षं मी दर वेळी एका फेरीने, एका पानाने, एका विसराळूपणाने मागे राहते आहे. या वर्षी पुण्याचं दार बंद झालं होतं. उरली होती ती सोलापूरची स्पर्धा, आणि तिथून एकालाच जागा मिळणार होती.

शनिवार: रस्ता

सोबत होती रोहिणी, माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिला कार्डांतलं ओ की ठो कळत नाही. तिला सोलापुरी चादरी घ्यायच्या होत्या आणि गाडी तिची होती, म्हणून बेत जमला. पुणे-सोलापूर रस्ता चौपदरी आणि सरळसोट आहे. सकाळी लवकर निघालात तर रमतगमत गेलं तरी जेवायच्या वेळेला पोचता. टोलनाके बरेच लागतात, फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना ते निघायच्या आधीच बघा. आम्ही बघितले नव्हते, आणि पहिल्याच नाक्यावर मागच्या ट्रकवाल्याने आमच्या सात पिढ्या हॉर्नने उद्धारल्या. भिगवणला मासे खायचे सोडून मी पुढे चल म्हटलं, हे रोहिणीने मला अजून माफ केलेलं नाही.

इंदापूरच्या पुढे तिने विचारलं, "म्हणजे त्या माणसाला दिसत होतं, तरी तो गप्प बसला?"

"नियमच आहे तसा."

"आणि पंच?"

"तोही बघत उभा."

"काय मेला खेळ आहे!"

"अगदी विसरलेलं परत देताच येत नाही असं नाही," मी म्हटलं. "फार पुढे गेलं नसेल तर पंच समोरच्याला विचारतो, देताय का. त्याने मन मोठं केलं तर मिळतं. पण मन मोठं करायला स्पर्धेला येतं कोण?" मग मोहोळ येईपर्यंत मी त्या नियमाला आणि त्या हसऱ्या गृहस्थांना मनसोक्त शिव्या घातल्या. तिथे आम्ही चहा घेतला. चहा इतका गोड होता की रोहिणी म्हणाली, आता तरी तुझी जीभ सुधारेल.

सोलापुरात आम्ही स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलो. खोली स्वच्छ होती, भाडं परवडणारं, गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेलाच. उन्हाळ्यात येणार असाल तर कूलर चालतो की नुसता आवाज करतो, ते खोली घेण्याआधी तपासा. आमचा आवाज करत होता.

रविवार: हॉल

सकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवर सुशीला खाल्ला. पोह्यांचा भाऊ म्हणा, पण चुरमुऱ्यांचा, वर शेंगदाण्याचं कूट. स्वस्त आणि पोटभर. मग रिक्षाने स्पर्धेच्या जागी गेलो. स्पर्धा एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होती. स्टेजवर आदल्या लग्नातली थर्मोकोलची नावं तशीच लटकत होती आणि त्यांच्याखाली पंचांचं टेबल मांडलं होतं. पंच बाहेरगावाहून आलेला, काळ्या शर्टातला, अतिशय सभ्य मनुष्य होता. सभ्य माणसांचा मला तसाही धसका आहे.

पहिल्याच फेरीत समोर पद्मा नावाची मुलगी आली. घरचा चादरींचा कारखाना, मैत्रिणीशी तेलुगूत बोलत होती. खेळ सुरू झाला, मी हल्ला केला आणि पुढच्या चालीकडे वळले, तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, राहिलं की तुमचं."

"काय राहिलं?"

"पान उचलायचं. हल्ला केल्यावर एक पान हाय ना तुमचं?"

वाचकहो, मी हात वर करून पंचाला बोलावलं. मला वाटलं हा डाव आहे. मी पान उचलणार आणि ही 'चुकीचं पान उचललं' म्हणून ओरडणार. पंच आला, त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "त्यांनी सांगितलं तर हरकत नाही. उचला." आजूबाजूची चार टेबलं माझ्याकडे वळून बघत होती. मी जणू देवाच्या पुजाऱ्यालाच प्रसादाच्या दुधात पाणी आहे का म्हणून विचारलं, असे त्यांचे चेहरे झाले होते. मी पान उचललं, जिंकले, आणि संतापले.

कारण मग माझ्या कानांना ते ऐकू यायला लागलं. हॉलभर तेच चाललं होतं. "राहिलं की रे तुझं." "ओ, तुमचे दोन राहिले." मागे उभं राहून बघणारेसुद्धा बिनधास्त बोलत होते. शेवटी पंचाने माइक घेऊन सांगितलं की खेळणाऱ्यांनी एकमेकांना काय सांगायचं ते सांगा, पण बघणाऱ्यांनी बोलायचं नाही, बोललेला बाहेर जाईल. बघणारे हिरमुसले. एक आजोबा पुटपुटले, "मग बगायचं तरी कशाला?"

दुपारच्या जेवणात आमच्या टेबलावर मल्लिनाथ येऊन बसला. पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा, शुक्रवार पेठेत त्याचं टॉवेल-चादरींचं दुकान आहे असं कळल्यावर रोहिणीने त्याला सोडलंच नाही. मी मात्र सरळ विचारलं, "तुम्ही लोक समोरच्याला आठवण का करून देता? तुमचंच नुकसान नाही का?"

तो भाकरी मोडता मोडता थांबला. "पंगतीत शेजारच्याच्या पानात चटणी न्हाय आली, तर आपनच वाढप्याला हाक मारतो की. त्याचं त्यो बघंल म्हनून खात बसतो का?"

"पंगत आणि स्पर्धा वेगळी."

"व्हय," तो म्हणाला. "पंगतीत कुनी हरत न्हाय." आणि लगेच, "संध्याकाळी घरी या जेवायला. दोघी. अव्वाला सांगून ठेवतो." अव्वा म्हणजे त्याची आई.

मला ते उत्तर पटलं नाही. आठवण करून देणं फार गोड आहे हो, पण त्याने काय होतं ते मी दिवसभर बघत होते. ही माणसं स्वतःचं स्वतः लक्षात ठेवतच नव्हती! आम्ही पुण्यात गठ्ठ्यावर फासा ठेवतो, बोटाला रबर लावतो, ओठांत पुटपुटतो. इथे कोणी काही करत नव्हतं. समोरचा आहे की सांगायला! याला काय तयारी म्हणायची?

रविवार संध्याकाळ: शेवटचं टेबल

शेवटच्या फेरीला उरलो मी आणि मल्लिनाथ. तीन डावांत दोन जिंकणारा बंगळूरला जाणार.

पहिला डाव त्याने घेतला, तोही सहज. माणूस खेळायला फार चांगला आहे, हे मला मान्य करावंच लागेल. दुसऱ्या डावात माझी गाडी घसरत होती. मी एक कार्ड मांडलं आणि घाईने पुढे गेले. त्याने बोटाने टेबलावर हलकेच टकटक केली. "मॅडम, हे मांडल्यावर समोरच्याचं एक कार्ड मोडायचं असतंय. राहिलं."

त्याचं कार्ड. त्याचंच! स्वतःचं कार्ड मोडायची आठवण तो मला करून देत होता. मी ते मोडलं, म्हणजे खेळातून बाद केलं, आणि डाव माझ्या बाजूला आला. बरोबरी झाली. हा डाव मी जिंकला असं मी म्हणेन, तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.

तिसरा डाव रेंगाळला. टेबलाभोवती सगळा हॉल गोळा झाला होता, पण पंचाच्या धाकाने कोणी चकार शब्द काढत नव्हतं. माझे दोनच जीव उरले होते. मल्लिनाथसमोर एक कार्ड होतं, 'पाळी संपताना समोरच्याचे दोन जीव कमी करा'. म्हणजे त्याने पाळी संपवताना ते एक वाक्य बोललं की मी संपले.

त्याने आपल्या चाली केल्या. पाळी संपवायच्या आधी त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं, क्षणभर. तेव्हा मला वाटलं माझा चेहरा वाचतोय. मग तो म्हणाला, "घ्या मॅडम, तुमची पाळी."

मी लगेच पान उचललं.

आणि ते पान होतं मला हवं असलेलं. त्याच्यावर शेवटचा हल्ला करता येईल असं. मी वर बघितलं, तर समोरचा अख्खा घोळका श्वास रोखून त्या एका कार्डाकडे बघत होता. पद्माने तोंडावर हात दाबला होता. मल्लिनाथने ते चेहरे पाहिले, मग खाली पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "अरेच्या! माझं राहिलं की."

पंच पुढे आला. "तुमची पाळी संपली होती. यांनी पान उचललं आहे." मग तो माझ्याकडे वळला. "नियमाप्रमाणे निर्णय तुमचा आहे. तुम्ही हो म्हणालात तर दोन जीव कमी होतील. नाही म्हणालात तर खेळ पुढे चालू."

आता मला सांगा, हे मला का विचारायचं? पंच कशाला नेमलाय मग? शिट्टी वाजवायची, निकाल द्यायचा, मोकळं व्हायचं. पण नाही. चूक त्याची, नियम यांचा, आणि सगळ्या हॉलच्या नजरा माझ्यावर! त्याच्या चुकीचं ओझं माझ्या डोक्यावर ठेवायचा यांना अधिकार कोणी दिला? मी त्याला विसरायला सांगितलं होतं का? पुण्यात माझ्यावर कोणी दया केली होती का?

"नाही," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच आलं ते.

"बरोबर हाय," मल्लिनाथ म्हणाला. मी हल्ला केला आणि डाव संपला. त्याने हात पुढे केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या टाळ्या, मनापासून. एकाने तरी तोंड वाकडं करावं की नाही? एकाने तरी 'पुणेकर ते पुणेकरच' म्हणावं? मी भांडायच्या पूर्ण तयारीत उभी होते आणि भांडायला कोणी समोरच येत नव्हतं. याच्याइतकं चिडवणारं दुसरं काही नाही.

जेवण

मी जायला तयार नव्हते. रोहिणी म्हणाली, "बोलावलंय, कबूल केलंय, जायचं." शुक्रवार पेठेतल्या गल्लीत गाडी जात नाही, बाहेर लावून चालत गेलो. अव्वा दारातच उभ्या होत्या. "या, या. ऊट माड्री," म्हणत आम्हाला थेट जेवायलाच बसवलं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि तिच्यात दही, भरलेली वांगी, वर शेंगापोळी आणि तूप. सोलापूरला आलात आणि शेंगापोळी न खाता गेलात तर तुमच्यासारखे करंटे तुम्हीच.

"कोन जिकलं?" अव्वांनी वाढता वाढता विचारलं.

"ह्या जिकल्या," मल्लिनाथने सांगितलं.

"ब्येस झालं. पावनी मानसं, रिकाम्या हातानं कशाला जायची." मग त्याच्याकडे वळून, "आन् तू कशानं हारलास?"

"माझं एक राहिलं, अव्वा."

त्यांचा हात पातेल्यावरच थांबला. त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "आन् कुनी सांगितलं न्हाय व्हय रं?"

रोहिणीने माझ्याकडे बघितलं. मी वांग्याकडे बघितलं.

"लई घाईचा डाव हुता," मल्लिनाथ म्हणाला. "कुनाच्या ध्यानातच आलं न्हाय. चटणी वाढ की त्यास्नी."

तेव्हा मला उमगलं की पाळी संपवायच्या आधी तो माझा चेहरा वाचत नव्हता. तो वाट बघत होता. त्याच्या उभ्या आयुष्यात त्या क्षणाला समोरचा माणूस 'राहिलं' म्हणत आला होता. पण याचा दोष माझ्याकडे कसा? आणि वर माझ्यासाठी आईशी खोटं बोलायला मी सांगितलं होतं का याला? मी दुसरी पोळी नको म्हटलं, तरी त्यांनी वाढलीच.

सोमवार: परतीची वाट

सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेलो. उन्हं चढायच्या आत जा, मधल्या देवळापर्यंत चालत जाताना पाण्यावरून गार वारा येतो. मग चादरी. दुकानं दहाच्या सुमारास उघडतात. मापं आणि वजनं घरून ठरवून जा, नाहीतर रोहिणीसारखं होतं. तिने मल्लिनाथच्या दुकानातून इतक्या घेतल्या की मागची सीट दिसेनाशी झाली. तिला एक चादर घडीत विरलेली मिळाली होती, ती पिशवीत भरताना त्यानेच काढून बदलून दिली. मी दुकानात गेले नाही, गाडीत बसून राहिले. माझं डोकं दुखत होतं.

टेंभुर्णीच्या पुढे रोहिणी म्हणाली, "जाताना तू त्या नियमाला शिव्या घालत होतीस."

"नियम तोच आहे. सगळ्यांना सारखा."

"हो ना. त्या पुण्यातल्या माणसालाही."

"तू समोर बघून चालव."

भिगवणला तिने न विचारता गाडी थांबवली आणि मासे मागवले. चांगले असतात, खरंच थांबा.

घरी

आता शिल्लक काय राहिलं ते सांगायचं, प्रवासाबद्दल लिहिणारे सगळे सांगतात म्हणून. मला जागा मिळाली. नियमाने मिळाली, पंचासमोर मिळाली, चोरून नाही. ओळखीच्या खेळाडूंना मी हा डाव सांगितला तेव्हा सगळ्यांनी 'बरोबर केलंस' म्हटलं. एकानेही नाही म्हटलं नाही. तरी मी हे सगळ्यांना सांगत का सुटले होते, असं रोहिणीने विचारलं. तिच्याशी मी सध्या बोलत नाहीये.

काल दुपारी ऑफिसात मल्लिनाथचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, चटणी वाढल्यासारखा.

"मॅडम, बंगळूरचं नाव पक्कं केलं का? आज शेवटचा दिवस हाय."

स्टेजवर आयोजकांनी सांगितलं होतं, आठवड्याभरात नाव पक्कं करा म्हणून. मी त्या वेळी टाळ्यांवर चिडत होते. पूर्णपणे विसरले होते.

"तुम्हाला कसं कळलं मी केलं नाही ते?"

"आयोजकांचा फोन आला हुता सकाळी. म्हनले, मॅडमनी आज केलं न्हाय तर जागा दुसऱ्या नंबरला जाती, तुमी तयारीत ऱ्हावा."

दुसरा नंबर म्हणजे तोच. मला इतका राग आला की मी खुर्चीतून उठून उभी राहिले. "मग तुम्ही गप्प का नाही बसलात? तुम्हाला जायचं नाहीये का बंगळूरला?"

"जायचं हाय की. लई दिसांपासनं जायचं हाय." मध्येच तो कोणाला तरी चादरीचा भाव सांगू लागला. दुकानात गिऱ्हाईक असावं. "पन राहिलं हुतं तुमचं."

मी "बरं, ठेवते" म्हटलं आणि फोन ठेवला. मग तिथल्या तिथे नाव पक्कं केलं. हो, केलं. तिकीटही काढलं.

त्याला धन्यवाद म्हणायचं राहिलं, हे मला ऑफिसचा जिना उतरताना लक्षात आलं.